'-प्लास्टी' म्हणजे प्लास्टिक नव्हे

प्रश्न असा आला आहे: वडिलांच्या कागदांवर आधी 'कोलेक्टॉमी' आणि त्याखाली 'कोलोस्टॉमी' लिहिलं होतं. हे एकाच ऑपरेशनचे दोन उच्चार, की दोन वेगळी ऑपरेशनं? आणि मराठीत शस्त्रक्रिया म्हणावं की शल्यक्रिया?

दोन वेगळी ऑपरेशनं. अशा शब्दांचं शेपूट बघावं, काय केलं ते आपोआप कळतं; अवयवाचं नाव शब्दाच्या सुरुवातीला असतं. '-टॉमी' म्हणजे चिरून उघडणं, '-एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं, '-ऑस्टॉमी' म्हणजे तोंड पाडणं. कोलेक्टॉमीत मोठ्या आतड्याचा काही भाग किंवा सगळं मोठं आतडं काढतात. कोलोस्टॉमीत आतड्याचा भाग पोटाच्या कातडीवर आणून तिथं मलाला वाट करून देतात आणि वर पिशवी लावतात. आतड्याचा भाग काढल्यावर उरलेली टोकं लगेच जोडता येत नसतील तर एकाच वेळी दोन्ही करावं लागतं, म्हणून कागदावर दोन्ही शब्द. पहिल्या दोन शेपटांत ग्रीक 'टोमे' आहे, म्हणजे काप. तिसऱ्यात 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. इंग्रजी 'स्टमक' त्याच स्टोमापासून आलेला. 'टोमे' आणि 'स्टोमा' कानाला सारखे वाटतात एवढंच, नातं काही नाही.

हा फरक नातेवाइकांना माहीत असलाच पाहिजे, असं मला फार वाटतं. क्रेनिओटॉमीत कवटीचा तुकडा उघडून काम झाल्यावर परत बसवतात. क्रेनिएक्टॉमीत तो लगेच बसवत नाहीत, कारण मेंदूला सूज असते आणि तिला जागा लागते. म्हणजे रुग्ण घरी येतो तेव्हा डोक्याच्या त्या भागात कातडीखाली हाड नसतं. इतका मोठा फरक एका अक्षरात असताना 'डोक्याचं ऑपरेशन झालं' एवढ्यावर भागवून कसं चालेल?

पण जे ऐकून मला खरोखर त्रास होतो ते वेगळंच आहे. 'अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयात प्लास्टिकची नळी घातली.' शिकलेली माणसं हे बोलतात. 'प्लास्टिक सर्जरी' म्हणजे चेहऱ्याला प्लास्टिक लावतात असं समजणारेही आहेतच. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवून रक्तवाहिनी रुंद करतात, आणि बहुतेक वेळा आत बसवतात ती स्टेंट धातूच्या जाळीची असते. आणि शब्दातलं 'प्लास्टी' आलं आहे ग्रीक 'प्लासेइन'वरून: माती मळून तिला आकार देणं. कुंभार करतो ते. जर्मनीत एडुआर्ड त्साइस याने आपल्या ग्रंथाच्या नावात 'प्लास्टिक' शस्त्रविद्या असा शब्द घातला तो १८३८ मध्ये. बेकेलाइट, म्हणजे पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक, आलं १९०७ मध्ये. बादल्या आणि पिशव्यांच्या प्लास्टिकनेच हे नाव नंतर घेतलं, तेही वितळवून हवा तो आकार देता येतो म्हणून.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं, सोबत एका माणसाचं चित्र. माणसाचं नाव कावसजी. इंग्रजांच्या सैन्याकडे बैल हाकायला होता. (पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे, नाव मात्र पारशी वळणाचं.) टिपूच्या लोकांनी १७९२ मध्ये त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या एकाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस कोण? पत्र सांगतं, विटा करणाऱ्या जातीतला. आपल्याकडे विटा पाडून भट्टी लावण्याचं काम परंपरेनं कोण करत आलं, हे वेगळं सांगायला नको. कुंभार!

त्याने काय केलं तेही पत्रात तपशिलाने आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घडवला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली, फक्त दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून. त्या पट्टीवर कातडी वळवून खाली आणली. सांधे पक्के राहावेत म्हणून कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. हो, पानाला लावतो तोच कात. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापली. हे पत्र वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये असंच नाक केलं, आणि १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं 'ऱ्हिनोप्लास्टिक'. ऱ्हिनो म्हणजे नाक, प्लास्टिक म्हणजे मातीकाम. पुण्याजवळच्या कुंभाराच्या कामाला युरोपाने नकळत कुंभाराच्याच धंद्याचं नाव दिलं. शब्दांच्या जगात याहून सुंदर जुळणी मला माहीत नाही.

इथं हटकून कुणीतरी म्हणतं, 'त्यात काय, सुश्रुतात सगळं आहेच, त्या माणसाने तेच केलं.' मला हे पटत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याचा विधी आहे खरा, पण तिथं मापाला झाडाचं पान घ्यायचं आहे ('नासाप्रमाणं पृथिवीरुहाणां पत्रं गृहीत्वा') आणि कातडी घ्यायची आहे गालाची. पुण्याला मेण आहे आणि कपाळ आहे. पान सपाट असतं, ते मापापुरतं. मेणाचं नाक आधी घडवून मग सपाट करायचं, हे ज्याच्या बोटांना रोज आकार घडवण्याची सवय आहे त्यालाच सुचेल. पोथीतून हाताकडे नव्हे, मातीतून कातडीकडे असा हा प्रवास झाला, असं माझं ठाम मत आहे. सुश्रुताचं मोठेपण त्याने तिळभर कमी होत नाही. पण त्या अनाम माणसाचं श्रेय दर वेळी पोथीच्या खात्यात टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि आता ती हृदयातली 'प्लास्टिकची नळी'! स्टेंट हा शब्द चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज दंतवैद्याच्या आडनावावरून आला. त्याने कवळीसाठी तोंडाचा साचा घ्यायला एक मेणासारखं मिश्रण तयार केलं होतं. पहिल्या महायुद्धात एसर नावाच्या डच सर्जनने ते मिश्रण चेहऱ्यावर कातडी बसवताना आधाराला वापरलं, आणि आधार देणाऱ्या वस्तूलाच पुढे स्टेंट म्हणू लागले. म्हणजे पुन्हा मेण, पुन्हा साचा. अँजिओप्लास्टी या शब्दात मातीकाम आहे, स्टेंटमध्ये साचा आहे, आणि प्लास्टिक कुठेच नाही.

मराठी परिभाषेबद्दलही एक तक्रार आहे. लॅपरोटॉमीला, म्हणजे पोट चिरून उघडण्याला, 'उदरछेदन' म्हणणारे परिभाषाकार '-टॉमी'साठी सरसकट 'छेदन' वापरतात. सुश्रुताने शस्त्रकर्मं आठ सांगितली: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य, सीव्य. यात गाठ, मूळव्याध, अर्बुद हे छेद्य, म्हणजे कापून टाकण्याचे. विद्रधी, म्हणजे पिकलेलं गळू, भेद्य: चिरून उघडण्याचं. मुतखड्यासाठी मूत्राशय उघडायचं ते भेद्यात, खडा बाहेर ओढायचा तो आहार्यात. इतका चोख भेद हाताशी असताना '-टॉमी'ला छेदन म्हणणं म्हणजे उघडण्याला काढण्याचं नाव देणं. '-टॉमी' म्हणजे भेदन, '-एक्टॉमी' म्हणजे छेदन, हाच क्रम बरोबर. मग '-एक्टॉमी'ला 'उच्छेदन' हे 'उत्' लावून लांबवलेलं नाव देण्याचीही गरज उरत नाही. वेध्याला ग्रीकमध्ये आहे '-सेंटेसिस': गर्भजल काढायला सुई टोचतात त्या अम्निओसेंटेसिसमधलं. त्याचं मूळ 'केंतेइन', टोचणं. त्यातूनच 'केंत्रोन', म्हणजे टोचणारं टोक, वर्तुळ काढताना रुतवायचं कंपासचं टोक. आणि तेच भारतीय ज्योतिषात येऊन आपलं 'केंद्र' झालं.

राहिली शस्त्रक्रिया की शल्यक्रिया. शल्य म्हणजे शरीरात रुतलेलं काहीही: बाणाचं टोक, काटा, हाडाचा तुकडा. ते काढण्याची विद्या म्हणून शल्यतंत्र, आणि त्यातूनच सरकारी इस्पितळातले 'जिल्हा शल्यचिकित्सक'. आतडं काही रुतलेलं नसतं, ते आपलंच असतं. तेव्हा वडिलांची झाली ती शस्त्रक्रिया. मोडलेली सुई किंवा गोळी काढायची असेल तेव्हा खुशाल शल्यक्रिया म्हणा.