आजीच्या ठेवी आणि घंगाळ

प्रश्न : आजीला आपल्या मुदत ठेवी, पाटल्या आणि तांब्यापितळेची भांडी मुलामुलींत वाटायची आहेत. ठेवींवर थोरल्या काकांचे नाव नॉमिनी म्हणून आहे. ती रक्कम त्यांचीच होईल का?

उत्तर : नाही. नॉमिनी बँकेकडून रक्कम स्वीकारतो; मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे आणि ते नसल्यास वारसा कायद्याप्रमाणे ठरते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आजी स्वतःच्या मालमत्तेच्या पूर्ण मालक असल्याने त्यांनी हवी तशी वाटणी मृत्युपत्रात लिहावी आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नोंदणी सक्तीची नसली, तरी केलेली बरी. पाटल्या व भांडी हयातीतच, सर्वांसमक्ष, हातात देता येतात. ठेवींपेक्षा घंगाळावरूनच रुसवेफुगवे अधिक होतात, म्हणून ते कोणाला द्यायचे, हे आजींनीच आता सांगून टाकावे.