छतावरचा सेन्सर आणि टेबलावरचा तापमापक

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मोबाइल-संगणकांना बिनतारी इंटरनेट जोडून देणारे नवे वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट बसवले आहेत. त्यांच्यातच तापमान, आर्द्रता आणि हवेची गुणवत्ता मोजणारे सेन्सर आहेत. हस्तलिखितांच्या खोलीवर लक्ष ठेवता येईल, या अपेक्षेने आम्ही ते सुरू केले. परंतु टेबलावरची उपकरणे २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता दाखवत असताना छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट ३० अंश आणि ४५ टक्के दाखवतो. शिवाय हवेची गुणवत्ता रोज सकाळी ‘वाईट’ येते. सेन्सर सदोष आहेत, की मांडणीत आमचे काही चुकले?

उत्तर : सेन्सर सदोष असण्याची शक्यता फारच कमी आहे, आणि असे म्हणण्याचा आधार आपण पाठवलेल्या आकड्यांतच आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे ते प्रमाण. २५ अंशांना संपृक्त बाष्पाचा, म्हणजे या कमाल बाष्पाचा, दाब सुमारे ३.१७ किलोपास्कल असतो, त्याचे ६० टक्के म्हणजे १.९, ३० अंशांना तो सुमारे ४.२४ असतो, त्याचे ४५ टक्के म्हणजेही १.९. दोन्ही उपकरणांना हवेत तेवढेच बाष्प दिसते आहे आणि दोन्हींच्या हिशेबाने दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, १७ अंशांच्या आसपासच येतो. म्हणजे आपल्याला दोन दोष वाटले तरी फरक एकच आहे : छतावरचा सेन्सर पाच अंश अधिक उष्ण जागी बसलेला आहे.

ती उष्णता बव्हंशी अ‍ॅक्सेस पॉइंटचीच आहे. इथरनेट केबलमधून वीज घेणाऱ्या उपकरणाला ८०२.३एटी मानकानुसार २५.५ वॉटपर्यंत वीज मिळू शकते, आणि तो जेवढी वीज वापरतो तिचा फार थोडा अंश रेडिओलहरींच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली सारी त्या डबीतच उष्णता होऊन राहते. त्यात छतालगतची हवा टेबलाजवळच्या हवेपेक्षा मुळातच गरम असते. निर्माते सहसा ही भर वजा करणारे गणित फर्मवेअरमध्ये (उपकरणातील अंगभूत प्रणालीत) घालतात, म्हणून फर्मवेअर आधी अद्ययावत करून घ्यावे. पण आपले छत किती उंच आहे आणि एसीचा झोत कुठे पडतो, हे त्या गणिताला ठाऊक नसते.

तेव्हा हा फरक आपणच मोजावा. अ‍ॅक्सेस पॉइंट किमान एक दिवस अखंड चालू राहू द्यावा, नंतर हस्तलिखितांच्या कपाटाच्या उंचीवर एक भरवशाचे उपकरण ठेवून आठवडाभर पहाटे, भर दुपारी आणि रात्री दोन्हींची नोंद घ्यावी. दुपारी शेकडो मोबाइल जोडलेले असताना आणि पहाटे एकही नसताना फरक साधारण तेवढाच राहिला, तर तो ऑफसेट (कायम वजा करायचा आकडा) म्हणून नोंदवता येईल. तो दोन-तीन अंशांनी हलत असेल, तर ठरावीक आकडा वजा करणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. इथे एक चूक हमखास होते : तापमानातून पाच अंश वजा केले जातात, पण आर्द्रता ४५ टक्क्यांवरच ठेवली जाते, आणि मग ६० टक्के आर्द्रतेतली हस्तलिखिते कागदोपत्री मात्र कोरड्या हवेत असतात. तापमान दुरुस्त केले की दवबिंदू कायम धरून आर्द्रता नव्याने काढलीच पाहिजे.

टेबलावरचा आर्द्रतामापकही एकदा तपासून घ्यावा. घट्ट झाकणाच्या बरणीत बाटलीचे एक बूच ठेवून त्यात मीठ भरावे आणि ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे. मीठ विरघळून नाहीसे होता कामा नये. शेजारी, मिठाचा स्पर्श होणार नाही असे, उपकरण ठेवून झाकण लावावे. रात्रभराने काटा ७५ टक्क्यांजवळ यायला हवा. तो ७० वर थांबत असेल, तर आपला मापदंडच पाच टक्के कमी दाखवतो आहे.

सकाळच्या ‘वाईट’ हवेचे कारण बहुधा फरशी पुसण्याच्या द्रवात सापडेल. हवेची गुणवत्ता मोजण्यासाठी अशा उपकरणांत सहसा तापवलेल्या धातू-ऑक्साइडचा पातळ थर असतो. बाष्पनशील सेंद्रिय संयुगे त्यावर आली की त्याचा विद्युतरोध बदलतो. मात्र ते संयुग अत्तराचे, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचे की नव्या रंगाचे, हे त्याला सांगता येत नाही. धूलिकण तर तो मोजतच नाही. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांची त्याची वाचने सोडूनच द्यावीत. मग साफसफाईची वेळ आणि आलेख शेजारी ठेवून पाहावेत.

कंट्रोलरवरील, म्हणजे ही सारी उपकरणे एकत्र हाताळणाऱ्या प्रणालीवरील, मांडणी त्या मानाने सोपी आहे. अनेक प्रणालींत हे सेन्सर मुळात बंद असतात आणि प्रोफाइलमध्ये (सर्वांसाठीच्या सामाईक सेटिंगमध्ये) सुरू केले, तरी एखाद्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर स्वतंत्रपणे बंद राहिलेले असू शकतात. स्विचकडून, म्हणजे इथरनेट केबल जिला जोडलेली असते त्या पेटीकडून, वीज कमी मिळत असेल, तर काही उपकरणे आपली काही कामे आपोआप थांबवतात, तेही तपासावे. खोलीसाठी पाच मिनिटांनी एक वाचन पुरेसे आहे. अलर्ट मात्र महिनाभराच्या नोंदी हाती आल्याशिवाय लावू नयेत, आणि लावतानाही मर्यादा अर्धा तास सलग ओलांडली गेली तरच सूचना यावी असे ठेवावे. नाहीतर दार उघडल्याच्या सूचना येऊ लागतील आणि खरी सूचना कुणी वाचणार नाही.

प्रश्न : डॅशबोर्डवर कार्बन डायऑक्साइडचाही आकडा दिसतो. त्यावरून वर्गखोलीतील वायुवीजन ठरवता येईल का?

उत्तर : आधी तो आकडा मोजलेला आहे की अंदाजलेला, हे उपकरणाच्या माहितीपत्रकात पाहावे. धातू-ऑक्साइड सेन्सर कार्बन डायऑक्साइड ओळखत नाही. माणसे असली की सेंद्रिय संयुगेही वाढतात, एवढ्या गृहीतकावर तो आकडा काढलेला असतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत कुणी सॅनिटायझर वापरला, तरी वर्ग भरल्यासारखा दिसतो. वायुवीजनाचा निर्णय घ्यायचा असेल, तर अवरक्त किरणांच्या शोषणावर चालणारा स्वतंत्र सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून दूर लावावा.