मुलाला रक्ताचा कॅन्सर झालाय, आमच्या जनुकांमुळे तो बरा होण्याची शक्यता कमी होते का?

ताई, आधी मनातला अपराधीपणा काढून टाका. ल्युकेमियातले, म्हणजे या रक्ताच्या कॅन्सरमधले, बहुतेक जनुकीय बदल त्या पेशींतच नव्याने घडतात, आईबापांकडून येत नाहीत.

वारशाने आलेला फरक मात्र औषध किती सोसतं यावर परिणाम करतो. एएलएल या मुलांत जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियाच्या प्रकारात मर्कॅप्टोप्युरिनची गोळी दीर्घकाळ चालते. टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत फरक असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धाडकन उतरतात, जंतुसंसर्ग होतो, उपचार थांबवावे लागतात. एनयूडीटी१५चा फरक आपल्या आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो.

माझ्या भाच्याचं हेच झालं होतं. जुळे सोलापुरातल्या घरी बहीण ५० मिलिग्रॅमच्या गोळीचे सुरीने तुकडे करायची, शेजारी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, आकड्यांची वही. या जनुकांच्या तपासणीनंतर डोस कमी झाला आणि उपचार सुरळीत चालले. म्हणून डॉक्टरांना ही तपासणी नक्की विचारा, पण डोस स्वतःहून बदलू नका.

बोनमॅरो बदलायची वेळ आलीच, तर सख्ख्या भावंडाचं एचएलए (दात्याशी जुळणी ज्यावरून पाहतात ते पेशींवरचे खुणेचे प्रथिन) पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते.