एमजीबीची पुढची काच : हात काचेला नको, डॅशखाली घाला

दादा, तुमच्या 1965 च्या एमजीबी रोडस्टरची, म्हणजे त्या उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, पुढची काच काढायला डेंटर रबर कापणार आहे, असं लिहिलंत. आधी त्याच्या हातातलं पातं काढून घ्या. ती पद्धत फियाट-ॲम्बेसेडरची. रोडस्टरची काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत असते आणि चौकटीसकटच उचलायची असते.

चौकटीचे दोन्ही पाय बॉडीत उतरलेले असतात, प्रत्येकी दोन बोल्टवर. ते सापडतात डॅशबोर्डच्या टोकांशी, आतून. डॅश सैल करून आपल्याकडे ओढलात तर हात पोचतो, नाहीतर कोपरं सोलून निघतात. चौकटीच्या मधल्या उभ्या दांडीचा खालचा ब्रॅकेटही सोडवायचा, तो विसरतात लोक.

तिथे वायरींचं जंजाळ आहे, म्हणून बॅटरी आधी तोडा. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. या सालच्या गाडीत धन टोक बॉडीला असतं, आणि आपल्याकडच्या मेकॅनिकचा हात सवयीने ऋण टोकाकडे जातो. बॉडीला गेलेली वायर आधी काढायची, एवढं सांगून ठेवा.

आता खरी डोकेदुखी. बोल्ट लोखंडी, पाय ॲल्युमिनियमचा. मधे ओल गेली की पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही एकजीव होतात. सोलापूरची हवा कोरडी असली म्हणून खूश होऊ नका, गाडी तुम्ही मुंबईहून आणलीय. गंज सोडवणारं तेल रोज रात्री मारत राहा. मग आधी किंचित आवळून बघा, हलला की सोडवा, परत आवळा. गॅसची ज्योत नको. काच तडकेल, वायरी जळतील. पाने इंची मापाचेच घ्या. मिलीमीटरचा बसल्यासारखा वाटतो आणि बोल्टचे कोपरे गोल करतो. नवे घ्यायला जीवावर येत असेल तर एमआयडीसीत एखाद्या जुन्या फिटरकडे मागून बघा.

पाय आणि बॉडीच्या मधे पातळ चकत्या निघतील. डावीकडच्या वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या, पुड्या बांधून नावं टाका. कचरा समजून त्या फेकल्या की दाराच्या तिकोनी काचेशी फट जुळता जुळत नाही.

उचलताना दोघं हवेत. दोन्ही पाय धरून सरळ वर, थोडं डावं-उजवं हलवत. वरच्या दांडीला धरून ओढायचं नाही. स्कटलवर, म्हणजे काचेखालच्या बॉडीच्या पत्र्यावर, आधी जाड सोलापुरी चादर दुमडून टाका, चौकट टेकली तरी रंग वाचेल.

परत बसवताना चारही बोल्ट आधी सैल ठेवा, दोन्ही दारं लावून तिकोनी काचेची फट बघा, मगच आवळा. खालचं रबर नवीनच घाला.