फोटो काढावा की टिपावा?

आजच्या फोटोग्राफरांची कामं त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून त्यांच्याविषयी मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकभगिनीने दोन शंका विचारल्या आहेत. पहिली अशी: फोटो प्रकाशाने उमटतो, सावलीने नव्हे, म्हणून 'छायाचित्र' हा शब्द चूक आणि 'प्रकाशचित्र' बरोबर, असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलं. ते खरं का? दुसरी क्रियापदाची: फोटो काढला, घेतला, टिपला की 'कॅमेऱ्यात कैद केला'?

पहिलीचं उत्तर लवकर देता येतं. 'छायाचित्र' बिनदिक्कत वापरा. इंग्रजी 'फोटोग्राफी' या शब्दात प्रकाश आहे हे खरं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८३९ साली तो रूढ केला. पण त्याच वर्षी हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने कागदावर चित्र उमटवण्याची आपली कृती जाहीर केली, तेव्हा तिला 'सावली पक्की करण्याची कला' असंही म्हटलं होतं. उजेडाने काळ्या पडणाऱ्या त्याच्या कागदावर झाडाचं पान ठेवून उन्हात धरलं की भोवतालचा कागद काळवंडायचा आणि पानाखालचा, म्हणजे सावलीतला भाग फिका राहायचा. टिकायची ती अक्षरशः सावलीच.

शिवाय 'छाया' म्हणजे केवळ सावली हे कुणी ठरवलं? मेघदूतात इंद्रधनुष्याला 'रत्नच्छायाव्यतिकर' म्हटलंय. तिथे छाया म्हणजे रत्नांची झळाळी. पुढे गंभीरा नदीच्या नितळ पाण्यात मेघाचा 'छायात्मा' उतरतो, तिथे छाया म्हणजे प्रतिबिंब. संस्कृत नाटकांतल्या प्राकृत संवादांखाली जे संस्कृत रूप छापतात त्यालाही छायाच म्हणतात. झळाळी, प्रतिबिंब आणि मुळाबरहुकूम उतरवलेलं रूप, फोटोला आणखी काय हवं? बंगालीत 'आलोकचित्र' म्हणजे फोटो आणि 'छायाछबि' म्हणजे सिनेमा, अशी वाटणी झाली. आपल्याकडे ती झाली नाही. कुणाला 'प्रकाशचित्र' आवडत असेल तर त्यांनी जरूर लिहावं, शब्द देखणा आहे. पण ते लिहिताना दुसऱ्याच्या 'छायाचित्रा'वर काट मारू नये. आणि बोलण्याच्या ओघात 'फोटो' आला तर तोही आपलाच आहे.

खरा विचार करायला हवा तो क्रियापदाचा, कारण त्यात लिहिणाऱ्याची नजर दिसते.

'टिपणं' आजकाल फार बोकाळलंय. पाखरू दाणे टिपतं, टिपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो. तिन्हीकडे टिपायची वस्तू आधीच समोर असते आणि टिपणारा ती झटक्यात उचलतो. रस्त्यावर फिरत, घडणाऱ्या क्षणाची वाट पाहत केलेल्या फोटोग्राफीला हे क्रियापद चपखल बसतं. १९४७ साली मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था उभी करणाऱ्यांपैकी फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या फोटोंविषयी लिहिताना 'टिपला' म्हणा, कुणी हरकत घेणार नाही.

पण आता फोटोग्राफर गौरी गिल यांची 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका पाहा. ती आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हारकडची आहे. त्या भागात बोहाडा या उत्सवात देवादिकांचे आणि असुरांचे मुखवटे नाचवतात. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे करणारे कोकणा आणि वारली कारागीर तिथे आहेत. गिल यांनी त्यांना पुराणातल्या पात्रांऐवजी आजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले: माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचे. मग ते घालून गावकरी आपापल्या घरात, दुकानात, रस्त्यावर उभे राहिले. खाली ओळखीचा साधा शर्ट किंवा साडी, हातात नेहमीचं काम आणि धडावर भलंमोठं रंगवलेलं तोंड. प्रसंग कसा रंगवायचा हे त्यांनी आणि गिल यांनी मिळून ठरवलं. इथे 'गौरी गिल यांनी आदिवासींचं जीवन टिपलं' असं लिहिलं, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि आशयाने साफ खोटं होतं. टिपायला आधी काही नव्हतंच. ते सगळ्यांनी मिळून उभं केलं.

इथे आपलं जुनं, रोजचं 'काढणं' कामाला येतं. हिंदीत फोटो खींचतात, गुजरातीत पाडतात, बंगालीत तोलतात म्हणजे उचलतात. मराठीत तो काढतात, जसं चित्र काढतात, रांगोळी काढतात, विहिरीतलं पाणी काढतात. आणि या क्रियापदाची एक खुबी सहसा लक्षात येत नाही. 'लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन फोटो काढला,' असं जोडपं म्हणतं. कॅमेऱ्यामागे कोण होतं? स्टुडिओवाला. तरी कर्ता 'आम्ही'. समोर बसणाराही फोटो काढतो, हे मराठीने केव्हाच मान्य केलंय. 'आम्ही फोटो टिपला' असं ते जोडपं कधी म्हणणार नाही. जव्हारच्या त्या मालिकेबद्दल 'गावकऱ्यांनी आणि गौरी गिल यांनी मिळून काढलेले फोटो' हे वाक्य किती सहज बसतं पाहा!

'घेतला' हे इंग्रजी वळण आहे. बातमीत खपून जातं, पण मला ते कोरडं वाटतं. 'कॅमेऱ्यात कैद केला' मात्र कृपा करून लिहू नका. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं फोटोंतून मांडलं, गटारात उतरलेली माणसं त्यांच्या नावागावासह आपल्यासमोर आणली. त्या माणसांना फोटोखालच्या ओळीत पुन्हा 'कैद' करायचं? मनाला पटत नाही.

दयानिता सिंह यांच्यासाठी 'काढणं'ही अपुरं पडतं. फोटोग्राफीसाठीचा २०२२ सालचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळालेल्या या बाई एकेक फोटो भिंतीवर टांगून थांबत नाहीत. लाकडी चौकटींत, पेट्यांत, पुस्तकांत ते लावतात, हलवतात, पुन्हा लावतात. त्यांच्याबद्दल लिहिताना 'मांडणं' हे क्रियापद हाताशी ठेवा. त्यांच्या 'फाइल रूम' या मालिकेत दप्तरखान्यांतले कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. आपल्याकडे अशा गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. पेशवे दप्तराचे रुमाल इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असतातच. 'फायलींचे ढीग' लिहिण्यापेक्षा हा शब्द वापरलात, तर फोटोतलं कापड आणि त्याची गाठ वाचकाला लगेच दिसेल.

राहिली श्रेयाची ओळ. वर्तमानपत्रांत फोटोखाली 'छाया :' लिहून नाव देतात. ती पद्धत छान, आटोपशीर आहे, ठेवा. फक्त जव्हारच्या फोटोंखाली तेवढ्यावर थांबू नका. 'छाया : गौरी गिल' याच्या शेजारी 'मुखवटे : सुभाष धर्मा कडू, भगवान धर्मा कडू आणि सहकारी' असंही लिहा.