अ‍ॅस्टेरिक्स संपलं, आता आलिक्स वाचू का? वाचायची तर कुठून सुरू करू?

तुम्ही विचारलंय की अ‍ॅस्टेरिक्स आणि टिनटिन या दोन्ही चित्रकथा वाचून पाठ झाल्यात, त्याच रोमन काळातली पण विनोदी नसलेली 'आलिक्स' नावाची मालिका आहे असं कानावर आलंय, तर ती वाचण्यासारखी आहे का आणि कुठला भाग आधी घ्यावा.

वाचण्यासारखी आहे. फक्त पहिला भाग आधी घेऊ नका. मी ती चूक केली आणि पुढचं वर्षभर मालिकेकडे फिरकलो नाही.

मी पुण्यात फ्रेंच शिकत होतो तेव्हाची गोष्ट. लायब्ररीच्या कपाटात खालच्या खणात जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले अल्बम, म्हणजे चित्रकथांची पुस्तकं, पडलेले असायचे. आलिक्सचं नाव पाहून आमच्या बाई हसल्या, कारण फ्रान्समध्ये हे नाव मुलींनाही ठेवतात. मी 'आलिक्स लँत्रेपीद' म्हणजे 'निडर आलिक्स' घरी आणलं आणि शब्दकोश घेऊन बसलो. काही महिन्यांत मला वल्ह्यांचं जहाज, तटबंदी, गुलामांचा बाजार हे सगळे शब्द फ्रेंचमध्ये येत होते. बसचं तिकीट मागता येत नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. लेखक आणि चित्रकार एकच, झाक मार्तँ. जन्म 1921 चा, स्ट्रासबुर्गचा. ब्रसेल्सहून निघणाऱ्या 'टिनटिन' साप्ताहिकात सप्टेंबर 1948 मध्ये आलिक्स सुरू झालं. म्हणजे अ‍ॅस्टेरिक्सपेक्षा ते अकरा वर्षांनी मोठं. पुढे मार्तँ टिनटिनकार एर्जे यांच्या स्टुडिओत गेले आणि 1972 पर्यंत तिथे होते. त्यामुळे तुम्ही वाचलेल्या काही टिनटिनमध्येही त्यांचा हात आहे.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅस्टेरिक्सचा काळ इसवीसनपूर्व 50 चा. सगळं गॉल, म्हणजे साधारण आजचं फ्रान्स, रोमने जिंकलंय, पण एक गाव काही दबत नाही, ही त्यातली गंमत. आलिक्स सुरू होतं इसवीसनपूर्व 53 मध्ये, आणि या जगात ते गाव नाहीच. जादूचा काढाही नाही. गॉल हरतंय. दुसऱ्या भागाची सुरुवातच आलेसियाला होते, जिथे गॉल लोकांचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स रोमन सेनापती सीझरला शरण जातो. (नावातलं '-रिक्स' म्हणजे राजा. आपल्या 'राजन्'चाच तो लांबचा भाऊबंद.) आणि आपला नायक कोण, तर गॉलमध्ये जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. त्याला एक रोमन अधिकारी दत्तक घेतो. तो सीझरच्या विश्वासातला होतो आणि रोमसाठी कामगिऱ्या करतो. रक्ताने गॉल, घराने रोमन.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण माझ्या मते मालिकेतलं खरं नाट्य इथेच आहे. रथांच्या शर्यती, ज्वालामुखी, भुयारं हे सगळं भरपूर आहे आणि छान आहे. पण दर दोन भागांनी कोणी ना कोणी आलिक्ससमोर उभं राहतं आणि त्याला त्याच्या जन्माची आठवण करून देतं. 'हरवलेल्या पलटणी'मध्ये सगळं फिरतं ते ब्रेनसच्या तलवारीभोवती. इसवीसनपूर्व 390 च्या सुमारास रोम लुटणारा आणि खंडणीचं सोनं तोलताना पारड्यात स्वतःची तलवार टाकणारा तो गॉल सरदार. त्याची तलवार पाहून गॉल लोक पुन्हा पेटून उठतील, आणि ते रोखायला निघालेला माणूस स्वतः गॉल! 'इओरिक्स'मध्ये तर रोमच्या फौजेत नाव कमावलेला एक गॉल अधिकारी आपली माणसं घेऊन मायदेशी निघतो आणि सत्तेपायी पार बिघडतो. तो आलिक्सचाच दुसरा चेहरा आहे, हे मार्तँ कुठेही बोलून दाखवत नाहीत. बरंच आहे.

तर सुरुवात करा 'ल दॅर्निए स्पार्सियात'पासून, म्हणजे 'शेवटचा स्पार्टन', 1967 चा अल्बम. आलिक्सचा सोबती एनाक, हा इजिप्तचा अनाथ मुलगा, पकडला जातो आणि त्याच्या मागावर आलिक्स डोंगरातल्या एका लपलेल्या गडावर पोचतो. तिथे स्पार्टाचे उरलेसुरले लोक राणी आद्रेआच्या हाताखाली राहतायत, रोमनांना गुलाम करून राबवतायत, ग्रीस पुन्हा उभा करायची स्वप्नं पाहतायत. आद्रेआला खलनायिका म्हणणं मला तरी जमलं नाही. तिचं म्हणणं पटतं, पण ते टिकणार नाही हेही दिसत असतं. गड पडतो, आणि छोटा राजपुत्र हेराक्लिऑन शेवटी आलिक्सच्या स्वाधीन होतो. पुढे 'रानटी देव'मध्ये तो परत येतो, म्हणून हे दोन लागोपाठ वाचा.

त्यानंतर 'काळा पंजा'. पाँपेईत एकामागून एक रोमन माणसं विषारी पंज्याच्या ओरखड्याने लुळी पडत असतात. वाटतं, सरळसोट रहस्यकथा आहे. मग कळतं की याच माणसांनी पूर्वी एक शहर बेचिराख केलेलं असतं. मुलांच्या साप्ताहिकात 1950 च्या दशकात हे छापून येत होतं.

आता दोष. मार्तँना स्वतःच्या चित्रांवर भरवसा नाही की काय कोण जाणे. समजा चित्रात आलिक्स भिंतीवरून उडी मारतोय, तर वर पिवळ्या चौकटीत तीन ओळींत तेच लिहिलेलं. माझा उपाय सोपा आहे: पान आधी नुसतं बघायचं, मग वाचायचं. दगडी चौथरे, जहाजाचे दोर, लांबवर दिसणारी बंदरं याच्यावर नजर ठरते. स्त्री-पात्रं फार कमी, आणि जी आहेत ती बहुतेक अकाली जातात. विनोद जवळजवळ नाही, त्यामुळे अ‍ॅस्टेरिक्सच्या अपेक्षेने बसाल तर कोरडं वाटेल.

आणि पहिला भाग का टाळा? चित्रं तेव्हा कच्ची आहेत, कथा एका संकटातून दुसऱ्यात नुसती धावते. शिवाय ती सुरू होते खोर्साबादमध्ये. खोर्साबाद ही अश्शूरी राजा दुसऱ्या सार्गोनची राजधानी, तो इसवीसनपूर्व 705 मध्ये मेल्यावर ती ओस पडली. मार्तँ तिथे साडेसहाशे वर्षांनी नांदतं शहर दाखवतात. पुढच्या भागांत त्यांनी अभ्यास बराच वाढवला, 'आलिक्सचे प्रवास' नावाची जुन्या शहरांची वेगळी सचित्र पुस्तकंही काढली. पण 'ऐतिहासिक' हा शिक्का पाहून परीक्षेला संदर्भ म्हणून वापरू नका.

नजर अधू झाल्यामुळे 1990 च्या दशकात मार्तँना चित्रकला सोडावी लागली. 2010 मध्ये ते गेले. इतरांनी काढलेले नंतरचे भाग मी चाळलेत, त्यात जीव रमला नाही. अपवाद 'सिनेटर आलिक्स'चा. 2012 पासूनच्या या मालिकेत आलिक्स पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या केसांचा आहे आणि गादीवर ऑगस्टस आहे. ती मोठ्यांसाठी आहे, रक्तपातही जास्त.

इंग्रजीत या मालिकेचं फार थोडं आलंय, त्यामुळे फ्रेंच येत नसेल तर अडचण आहे. मध्यम फ्रेंच पुरतं, वर सांगितलेल्या त्या चौकटी शिकणाऱ्याला उलट मदतच करतात. तुमच्या शहरात आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेची लायब्ररी असेल तर आधी तिथे विचारा, नवे अल्बम मागवायला महाग पडतात.