लांडग्याचं लांछन

प्रश्न आलाय: 'इंग्लंडच्या जुन्या चांदीच्या नाण्यांबद्दल वाचताना "मागील बाजूस लांडग्याचे लांछन" असं दिसलं. बिचाऱ्या लांडग्याला कलंक कशाला? "चिन्ह" हवं ना?'

नको. 'लांछन'च बरोबर. 'कुळाला लांछन', 'लांछनास्पद प्रकार' असं रोज छापून छापून आपण या शब्दाचं तोंड काळं केलंय. 'लाञ्छ्' म्हणजे खूण करणं, बस्स. चंद्र मृगलांछन, ऋषभनाथांचं लांछन बैल, महावीरांचं सिंह, बदामीच्या चालुक्यांचं वराह. यांतलं कोणतं लाजिरवाणं आहे?

आता नाणी. साधारण इ. स. ६७५ ते ७५० मधली, करंगळीच्या नखाएवढी, वजन ग्रॅमभराच्या आसपास. त्यांवर पक्षी, साप, लांडगे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थंब्रिया राज्याचा राजा एडबर्ट (७३७–७५८) एका बाजूला स्वतःचं नाव घालतो आणि दुसऱ्या बाजूला पाय उचललेलं एक जनावर. एका प्रकाराला तर अभ्यासक 'साळिंदर' म्हणतात: बाकदार पाठ, वर उभे काटे. कसलं साळिंदर! रोमन नाण्यावरच्या चेहऱ्याची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं होत होत केसांचे फराटे तेवढे उरले, असं मानणाऱ्यांतला मी.

खरं जनावर नाण्याच्या नावात बसलंय. संग्राहक या नाण्याला 'शॅट' म्हणतात. शब्द जुन्या कायद्यांतला. वापरणारे लोक बहुधा 'पेनिंग'च म्हणत, म्हणजे आजचा 'पेनी'. जर्मनमधला 'शात्स', म्हणजे खजिना, त्याचाच भाऊ. आणि समुद्रापलीकडच्या, आताच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या जुन्या फ्रिसियन भाषेत 'स्केट' म्हणजे पैसाही आणि गुरंही! बडे व्युत्पत्तिकार म्हणतात, पैसा आधी, गुरं नंतर चिकटली. त्यांनी गोठा पाहिलेला नसावा. त्याच इंग्रजांच्या जुन्या भाषेत 'फेओह' म्हणजे गुरं आणि धन. तो तर आपल्या 'पशु'चाच नातलग. लॅटिनमध्ये 'पेकुस' म्हणजे गुरं, त्यावरून 'पेकुनिया' म्हणजे पैसा. आपण 'गोधन' म्हणतो ते काय उगाच? सगळीकडे गुरं आधी आणि एकट्या 'शॅट'मध्ये नंतर, हे मला पटत नाही.

हां, पण म्हणून 'रुपया'सुद्धा 'रूप म्हणजे गुरं' यावरून आला, हे पालुपद आता बंद करा. पाणिनीचं सूत्र आहे: 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. आहत म्हणजे ठोकलेलं. ठोकून ज्यावर रूप उमटवलं ते रूप्य, आणि त्यावरून रुपया. तिथे गाईगुरांचा काही संबंध नाही.